पोटगीचं वॉरंट तुमच्या ठाण्यात पडून आहे

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
राज्यातल्या प्रत्येक पोलिस ठाण्याचे प्रभारी अधिकारी

विषय : पोटगीच्या थकबाकीच्या वॉरंटांची बजावणी

महोदय,

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुली विभागात काम करते. सोळा वर्षं झाली. थकबाकीदाराच्या घरी जाणं, नोटिसा लावणं, जामीनदाराला फोन करणं, कर्जवसुलीसाठी लागणाऱ्या कलम १०१ च्या दाखल्याची फाइल तयार करणं, जप्तीच्या वेळी पंचनाम्याचे कागद घेऊन वसुली अधिकाऱ्यांबरोबर उभं राहणं, हे माझं रोजचं काम. आणि गेली तीन वर्षं मी स्वतःची एक थकीत रक्कम वसूल करायला धडपडते आहे, ती काही वसूल होत नाही. ती माझी आणि माझ्या मुलीची पोटगी आहे, कोर्टाने ठरवून दिलेली.

तक्रार अर्ज मी पुष्कळ लिहिले. त्यांच्या पोचपावत्या फाइलला आहेत. हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण प्रश्न माझ्या एकटीच्या फाइलचा नाही. तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर माझ्या शेजारी ज्या बायका बसतात, त्यांच्या हातातल्या कागदांवर नंबर वेगवेगळे असतात, पण खालचा शेरा एकच असतो: वॉरंट विनाबजावणी परत.

आधी माझं सांगते. घटस्फोट २०१९ साली झाला. मार्च २०२१ मध्ये पोटगीचा आदेश झाला, मला महिना ६,००० आणि मुलीला ४,०००. रक्कम वाढवून मागायला मी वरच्या कोर्टात गेले नाही. मिळतंय ते वेळेवर मिळालं तरी भागेल, असा माझा हिशेब होता. दीड वर्ष दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास पैसे जमा होत होते. पासबुकात शेवटची नोंद १० ऑक्टोबर २०२२ ची आहे. पुढच्या पानांवर माझा पगार आणि सहामाही व्याज, एवढंच. नोव्हेंबरात वाटलं, नुकतीच दिवाळी झाली आहे, ओढाताण असेल. डिसेंबरात मुलीने स्वतः वडिलांना फोन केला. जानेवारीत त्यांनी तिचा नंबर ब्लॉक केला.

मुलीचे वडील एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर होते. नोकरी सोडल्याचं पत्र त्यांनी कोर्टात दाखल केलं. आता ते मालवाहू पिकअप चालवतात आणि गाडी भावाच्या नावावर आहे. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

जुलै २०२३ मध्ये मी थकबाकीचा अर्ज केला. नऊ महिन्यांचे ९०,००० रुपये. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. आकडा बदलला, आशय तोच राहिला. पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली तर दंडाधिकारी प्रत्येक कसुरीसाठी वसुलीचं वॉरंट काढू शकतात. दंड जसा वसूल करतात तशी ही रक्कम वसूल करायची. त्यातूनही जे महिने बाकी राहतील त्यांच्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद देता येते. याच कलमाखाली मुलांना आणि म्हाताऱ्या आई-वडिलांनाही पोटगी मिळते, तेव्हा हे वॉरंट फक्त घटस्फोटित बाईचं असतं असं कुणी समजू नये.

पहिलं वॉरंट जानेवारी २०२४ मध्ये निघालं, जंगम मालमत्ता जप्त करण्याचं. ते टपालाने ठाण्यात गेलं. तीन तारखा झाल्या, अहवाल आला नाही. मग कोर्टाने हमदस्त दिलं, म्हणजे कागद माझ्याच हातात दिला, ठाण्यात नेऊन पोचवायला. मी अर्धी रजा टाकून गेले. ठाणे अंमलदारांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “पोटगीचं का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी तो टेबलावरच्या काचेखाली सरकवला. काचेखाली आधीच तीन-चार कागद होते. त्यातल्या एकाची कडा पिवळी पडली होती आणि त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. मी उभी राहून त्या डागाखालचं नाव वाचायचा प्रयत्न केला. बाईचं नाव होतं, एवढंच दिसलं.

“ताई, यात्रेचा बंदोबस्त आहे, यात्रा होऊ द्या.” यात्रा झाली. मग लोकसभेची निवडणूक आली. निवडणूक झाली तोवर ज्यांच्याकडे कागद होता त्यांची बदली झाली. नव्या हवालदारांनी सांगितलं, माणूस कुठे सापडेल ते तुम्ही कळवा, आम्ही येतो. मी कळवलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, गाडीची सोय करा. मी रिक्षा ठरवली आणि ठाण्याबाहेर दीड तास उभी राहिले.

जुलैमध्ये अहवाल आला: “सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही, सबब वॉरंट विनाबजावणी परत.” त्याच आठवड्यात चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. शुभेच्छुकांच्या रांगेत डावीकडून चौथा फोटो मुलीच्या वडिलांचा होता, खाली पूर्ण नाव. तो चौक ठाण्याच्या फाटकातून दिसतो. मी तारखेसह फोटो काढला आणि पुढच्या तारखेला पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन तो दाखल केला. न्यायाधीश मॅडमनी तो बराच वेळ पाहिला आणि अटकेचं वॉरंट काढलं.

डिसेंबरमध्ये त्यांना आणलं. ठाण्यातल्या बाकावर बसवल्यावर दोन तासांत ३०,००० रुपये आले. बाकीच्या रकमेसाठी मुदत मागितली, मुदत मिळाली, वॉरंट रद्द झालं. त्यानंतर आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. ऑक्टोबर २०२५ अखेर छत्तीस महिन्यांचे ३,६०,००० होतात. आलेले ३०,००० वजा करा. ३,३०,००० बाकी आहेत. यात मी व्याज धरलेलं नाही.

तालुक्याच्या ठाण्यात माणसं किती असतात आणि कामं किती, हे मी तिथे बसून पाहिलं आहे. जत्रा, मोर्चा, अपघात, मंत्र्यांचा दौरा, सगळं त्याच चार माणसांवर. त्यांच्यावर राग काढायला मी हे लिहीत नाही. पण कामांच्या त्या रांगेत पोटगीचं वॉरंट कायम शेवटी जातं, याचं कारण मनुष्यबळ एवढंच नाही. त्या कागदाकडे नवरा-बायकोचं भांडण म्हणून पाहिलं जातं. भांडण केव्हाच संपलं, महोदय. कोर्टाने दोघांचं ऐकलं, पगाराच्या स्लिपा पाहिल्या, उलटतपास झाला, रक्कम ठरली. आता उरलंय ते फक्त देणं.

आणि देणं कसं वसूल करतात, ते मी रोज पाहते.

आमच्या संस्थेत कर्ज थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज जातो. दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी मागणीची नोटीस देतात, मग जप्ती, मग लिलाव. कर्जदार पगारदार असेल तर इतकंही करावं लागत नाही. कर्ज घेतानाच त्याने कलम ४९ खाली संमती दिलेली असते, त्यामुळे त्याचं कार्यालय पगारातून हप्ता कापून थेट संस्थेकडे पाठवतं. ही पत्रं मीच टाइप करते. एका शिक्षकांचे तीन हप्ते थकले होते. पत्र गेलं आणि पुढच्याच पगाराला कपात सुरू झाली. त्यांच्या दारात जायची वेळ आली नाही, चारचौघांत त्यांची मान खाली गेली नाही, संस्थेचे पैसे आले.

गेल्या वर्षी मी एका मोटारसायकलच्या जप्तीला गेले होते. थकबाकी ४२,०००. पंच म्हणून गावातले दोघं घेतले. चेसिस नंबर मी वाचला, वसुली अधिकाऱ्यांनी लिहिला. डावा आरसा तडकलेला, मागचा टायर झिजलेला, हेही पंचनाम्यात घेतलं. अर्ध्या तासात सह्या झाल्या. परत येताना मी जीपमध्ये मागे बसले होते आणि माझ्या पर्समध्ये माझं स्वतःचं हमदस्त वॉरंट होतं, ९०,००० चं. त्या दिवशी घरी गेल्यावर मला स्वयंपाक सुचला नाही.

कायद्याने या दोन देण्यांच्या वाटा वेगळ्या ठेवल्या असत्या तर मी गप्प बसले असते. पण तसं नाही. दंडाची वसुली कशी करायची ते जुन्या संहितेच्या कलम ४२१ मध्ये होतं, नव्या संहितेत ते ४६१ मध्ये आहे. त्यात दोन वाटा दिल्या आहेत. एक, जंगम मालमत्ता जप्त करून विकायची. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवायचं आणि त्यांनी जंगम, स्थावर किंवा दोन्ही मालमत्तांमधून रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची. म्हणजे पतसंस्थेच्या कर्जाला जी वाट आहे तीच पोटगीलाही उघडी आहे. आमच्या तालुक्यात त्या वाटेने गेलेलं पोटगीचं एकही प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. महसूलमधल्या ओळखीच्या कारकुनांना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, असं येतं का आमच्याकडे?

ठाण्यात नेहमी ऐकायला मिळतं, “ताई, त्यांना आत टाकून तुम्हाला काय मिळणार?” हे वाक्य सहानुभूतीने म्हटलं जातं, ते मला कळतं. पण त्यामागे एक समजूत आहे की महिनाभर आत बसला की माणूस देण्यातून सुटला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केलं आहे की कैद हा वसुलीचा उपाय आहे, त्याने देणं फिटत नाही. आत जाऊन आलेल्या माणसाला ती रक्कम तरीही भरावीच लागते. आणि व्यवहारात काय घडतं ते माझ्याच प्रकरणात दिसलं. दोन वर्षं न मिळालेले पैसे दोन तासांत उभे राहिले, ते कुणी खरोखर आणायला गेलं म्हणून.

आता एका वर्षाच्या मुदतीबद्दल. ही गोष्ट बायकांना कुणी वेळेत सांगत नाही. पोटगीचा महिना देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्या महिन्यासाठी कलम १४४ खाली वॉरंट निघतं. माझा पहिला अर्ज जुलै २०२३ पर्यंतच्या महिन्यांचा होता. तो चालू आहे, पुढचे महिने त्यातच धरले जातील, असं मी समजून चालले. २०२५ च्या मे महिन्यात सांगण्यात आलं की पुढच्या थकबाकीसाठी नवा अर्ज करा. केला. तोवर ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४ हे नऊ महिने मुदतीबाहेर गेले होते. पुन्हा ९०,०००. पहिला अर्ज मुदतीत असेल तर पोटगीचं देणं चालूच राहतं, दर वेळी नवा अर्ज लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटलं आहे. माझ्या वकिलांनी तो निकाल दाखल केला, युक्तिवाद व्हायचा आहे. मुदत गेली म्हणून हक्क बुडत नाही, दिवाणी मार्गाने ती रक्कम मागता येते, हेही २०१३ च्या निकालात आहे. म्हणजे आणखी एक दरखास्त, वसुलीचा आणखी एक अर्ज, आणि आणखी तारखा.

मी निदान कागद वाचू शकते. माझ्या शेजारी बाकावर बसणारी एक ताई चार घरची धुणीभांडी करते. तिला महिना ३,००० मंजूर आहेत. तारखेच्या दिवशी चारही घरी खाडा होतो, एसटीचं भाडं वेगळं. वॉरंट बजावून आलं नाही की पुढची तारीख, म्हणजे पुढचा खाडा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तसा तिला मिळालेला आहे आणि तो चांगला आहे. पण वकील ठाण्यात बसून वॉरंट बजावू शकत नाही. तिने मला विचारलं, “तुम्ही वसुलीचं काम करता ना, मग मला सांगा, मी कुणाकडे जाऊ?” मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र मी त्या दिवसापासून मनात लिहीत होते.

यावर सर्वोच्च न्यायालय पुरेसं बोललेलं आहे. ४ नोव्हेंबर २०२० चा न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांचा निकाल वकील मंडळी रोज दाखवतात. ते प्रकरण आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. पत्नीला महिना १५,००० आणि लहान मुलाला आधी ५,०००, नंतर १०,००० मंजूर झाले होते. अर्ज २०१३ चा आणि दिल्लीचा निकाल २०२० चा. मूल जन्मून शाळेत जाऊ लागलं तेवढा हा काळ. त्या निकालाने दोन्ही बाजूंनी मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सांगितलं, आणि वसुलीबद्दल म्हटलं की पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. जप्ती, पगारावर टाच, दिवाणी कैद, सगळं उपलब्ध आहे. कायदा कमी पडतो असं मला वाटत नाही. कमी पडतो तो कोर्टाच्या टेबलापासून ठाण्याच्या टेबलापर्यंतचा आणि तिथून त्या माणसाच्या दारापर्यंतचा रस्ता.

पगारदार माणसाच्या बाबतीत तर हा रस्ता पोलिसांशिवायही पार होऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २० च्या पोटकलम ६ प्रमाणे, आदेश पाळला नाही तर दंडाधिकारी थेट मालकाला सांगू शकतात की पगाराचा भाग पत्नीला द्या किंवा कोर्टात जमा करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये पगार टाचेपासून वाचवण्याची जी मर्यादा आहे, ती पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एक-तृतीयांश आहे. म्हणजे पोटगीसाठी दोन-तृतीयांश पगारापर्यंत टाच येऊ शकते. इतर कर्जांपेक्षा पोटगीला कायद्याने वरचं स्थान दिलं आहे. नोटीस मिळूनही पगार देणाऱ्याने कपात केली नाही तर त्या रकमेला तो स्वतः जबाबदार असतो, हे त्याच संहितेच्या आदेश २१ मध्ये आहे. तरीही राज्य सरकारच्याच कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या बायका कपातीचा आदेश घेऊन आस्थापना शाखेत चकरा मारताना मी पाहिल्या आहेत. एका ठिकाणी उत्तर मिळालं, “साहेब रजेवर आहेत, आणि हा त्यांचा घरगुती मामला आहे.” सोसायटीच्या हप्त्याची कपात करताना हाच लिपिक असं म्हणत नाही.

शेतजमिनीचंही तसंच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कायम पोटगीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवता येतो. आमच्या संस्थेच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवायला मी पत्र घेऊन जाते आणि फेरफार होतो. मुलीच्या वडिलांच्या नावे वारसाने आलेली ४० गुंठे जमीन आहे. त्यावर बोजा मिळावा म्हणून माझा अर्ज चालू आहे. तोवर त्यांनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं तर माझ्या हातात काय राहील, ही काळजी मला रात्री झोपू देत नाही. महिन्यातून एकदा मी ऑनलाइन सातबारा काढून पाहते.

आणि या सगळ्याची किंमत सरकार स्वतःही भरतं आहे, हे तुमच्या वित्त विभागाला कळवावं अशी माझी विनंती आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांमध्ये “घटस्फोट झालेल्या परंतु पोटगी न मिळणाऱ्या महिला” असा एक गट आहे. म्हणजे पोटगी मिळत नाही ही गोष्ट शासनाला ठाऊक आहे, त्यासाठी रकाना आहे, तहसील कार्यालयात अर्जाचा नमुना आहे. ज्या माणसाने द्यायचे त्याच्याकडून ते घेतले जात नाहीत आणि त्याऐवजी लोकांच्या करातून अनुदान दिलं जातं. अनुदान बंद करा असं मी चुकूनही म्हणणार नाही, ते पैसे कित्येक घरांत तेल-मीठ आणतात. त्या रकान्यातल्या प्रत्येक नावामागे कोर्टाचा आदेश आहे का आणि त्याची वसुली कुठे अडली, एवढं विचारायला मात्र काही खर्च येत नाही. लाभार्थी बायकांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे जमा करायची यंत्रणा सरकारने गावोगाव उभी केली आहे. बाईच्या खात्यापर्यंत पैसा पोचवणं अवघड आहे, हे आता कुणी म्हणू शकत नाही.

ज्यांची खरोखर नोकरी गेली, जे आजारी पडले, अशा पुरुषांबद्दल माझ्या मनात आकस नाही. आमच्याकडेही कर्जदार येतात, म्हणतात धंदा बसला, हप्ते पाडून द्या. आम्ही कागद पाहतो आणि देतो. पोटगीतही ती सोय आहे. जुनं कलम १२७, आताचं १४६, त्याखाली परिस्थिती बदलल्याचं दाखवून रक्कम कमी करून घेता येते. कोर्टात या, कागद दाखवा, कमी करून घ्या. ज्या दिवशी ते अर्ज करतील त्या दिवशी मीही तिथे असेन आणि खरं असेल तर मान्य करीन. पण न सांगता पैसे बंद करायचे, गाडी भावाच्या नावावर घ्यायची आणि मुलीचा फोन ब्लॉक करायचा, याला अडचण म्हणत नाहीत.

म्हणून माझं मागणं असं आहे. प्रत्येक ठाण्यात पोटगीच्या वॉरंटांची वेगळी नोंदवही ठेवा आणि एका अंमलदाराचं नाव त्यावर असू द्या. बदली झाली तर चार्जमध्ये ती वही पुढे जाईल. “मिळून येत नाही” हा एका ओळीचा अहवाल घेऊ नका. कोणत्या तारखेला, किती वाजता गेलो, दार कुणी उघडलं, शेजाऱ्यांनी काय सांगितलं, हे लिहायला लावा. आम्ही मोटारसायकलच्या फुटक्या आरशाची नोंद करतो, माणसाच्या शोधाची एवढी नोंद तरी व्हावी. बाईला गाडी आणायला सांगू नका आणि आरोपीचा माग काढायलाही लावू नका. ज्याने तिला मारलेलं आहे त्याच्या घराभोवती तिनेच फिरावं, ही अपेक्षा धोक्याची आहे. पोलिस अधीक्षकांच्या मासिक गुन्हे बैठकीत या वॉरंटांचा आकडा विचारला जावा, कारण वरून विचारलं जातं तेच खाली केलं जातं, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. महसूल विभागाला आणि सर्व आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना, म्हणजे कार्यालयात पगार काढणाऱ्यांना, आपल्याकडून एक पत्र जावं, की कोर्टाचा पोटगी कपातीचा किंवा बोज्याचा आदेश आला तर तो सोसायटीच्या हप्त्याच्या पत्राइतक्याच तत्परतेने अंमलात आणा. यातल्या कशालाही विधानसभेत नवा कायदा करावा लागत नाही.

माझी मुलगी आता बारावीत आहे. येत्या जूनमध्ये ती अठरा वर्षांची होईल आणि कलम १४४ खालची तिची ४,००० ची पोटगी थांबेल. त्यानंतर तिला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली स्वतःच्या नावाने स्वतःच्या वडिलांविरुद्ध दावा करावा लागेल. ती म्हणते, आई, मी नाही करणार. मी तिला आग्रह करणार नाही. म्हणून तिचं जे आजवर थकलं आहे ते तिच्या जूनच्या वाढदिवसाआधी तिच्या खात्यात यावं, यासाठी मी धडपडते आहे. क्लासची दुसऱ्या हप्त्याची पावती मी परवाच भरली, आमच्याच संस्थेतून कर्ज काढून. जामीनदार म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने सही केली.

नव्या अर्जावरचं वॉरंट सप्टेंबरमध्ये निघालं आहे. ते ठाण्यात पोचल्याची सही-शिक्क्याची पोच माझ्याजवळ आहे. या महिन्याच्या २८ तारखेला सकाळी अकरा वाजता कोर्टात त्याचा अहवाल यायचा आहे.

आपली विश्वासू,
एक अर्जदार
(वसुली लिपिक, पतसंस्था)